पाय, जमीन आणि मधला थर

या पुस्तकाच्या लेखिकेच्या घरी, गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी, एक लाकडी फळी आहे. फळीवर अकरा बूट ओळीने मांडलेले. जोड एकाचाही नाही, आणि प्रत्येक बूट लोखंड कापायच्या करवतीने टाचेपासून चवड्यापर्यंत उभा चिरलेला. पाव कापल्यावर आतली जाळी दिसते तशी प्रत्येकाच्या पोटातली जाळी दिसते. कुठे बारीक, कुठे भरड, कुठे दाबून दाबून पुठ्ठ्यासारखी झालेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिनं कुणावरचा तरी राग बुटांवर काढलाय. चहाचा कप पुढे करत ती म्हणाली, "काका, दुकानात बूट वरून दाखवतात. माझं भांडण खालच्या भागाशी आहे."

वरचा भाग म्हणजे रंग, जाळीदार कापड, लेस आणि कंपनीची खूण. खालचा भाग म्हणजे तळवा आणि जमीन यांच्यामधला दोन ते चार सेंटिमीटर जाडीचा फोम. धावणारे त्याला ‘कुशन’ म्हणतात आणि हा शब्द आता आपलाच झाला आहे. हा थर किती जाड असावा, किती मऊ, टाचेखाली किती आणि चवड्याखाली किती, कोणत्या जमिनीवर तो कामाला येतो आणि कोणत्या जमिनीवर अंगाशी येतो, एवढाच या पुस्तकाचा विषय. एवढ्याशा गोष्टीवर दोनशे पानं कशाला, असं मीही तिला विचारलं होतं. हस्तलिखित वाचल्यावर पुन्हा विचारलं नाही.

एक साधा हिशेब करू. तासाला दहा किलोमीटर जाणारा हौशी धावपटू मिनिटाला साधारण 160 ते 170 पावलं टाकतो. तासाभरात जवळजवळ दहा हजार, म्हणजे एका पायाच्या वाट्याला पाच हजार. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीचपट भार त्या एका पायावर येतो. हे आकडे ऐकले की कुणीही म्हणेल, मग खाली मऊ काहीतरी हवंच. गेली पन्नास वर्षं बूट विकले गेले ते याच सरळ उत्तरावर.

घोळ असा की पाय म्हणजे ठोकळा नव्हे. तो जमीन ओळखतो आणि स्वतःला बदलतो. मऊ जमिनीवर धावताना आपण नकळत पाय ताठ करतो, कठीण जमिनीवर गुडघा नि घोटा जास्त दुमडू देतो. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी हे मोजून दाखवलं. म्हणजे फोम जितका मऊ, तितका पाय ताठ. 2018 साली फिनलंडच्या संशोधकांनी जाड, मऊ बूट आणि नेहमीचा बूट यांची तुलना केली, तर वेगात धावताना जाड बुटातच आघात जास्त भरला. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू लक्झेंबर्गची. तिथे आठशेहून अधिक हौशी धावपटूंना बाहेरून सारखेच दिसणारे बूट दिले, निम्म्यांचे मऊ आणि निम्म्यांचे कडक. 2020 मध्ये निकाल छापून आला. कडक बूटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या होत्या. गंमत पुढेच आहे. मऊ बुटाचा फायदा ठसठशीत दिसला तो वजनानं हलक्या लोकांत, भारी लोकांत तितका नाही. "तुमचं वजन जास्त आहे, तुम्ही जाड कुशन घ्या" हे वाक्य दुकानादुकानांत ऐकू येतं, त्याचा आधार इथेच डळमळतो.

फोममुळे आघात कमी होतोच असं नाही, तरी दुखापत कमी होऊ शकते, असं हे त्रांगडं आहे. लेखिकेनं ते सोडवल्याचा आव आणलेला नाही, हे मला या पुस्तकात सगळ्यांत आवडलं.

आता पुन्हा त्या फळीकडे, कारण या विषयाचा इतिहास तिथे डावीकडून उजवीकडे मांडलेला आहे.

सगळ्यांत डावीकडे शाळेतला पी.टी.चा पांढरा कॅनव्हास बूट. चार्ल्स गुडइयरनं 1839 मध्ये गंधक घालून रबर तापवलं, तेव्हापासून रबरी तळ टिकाऊ झाला आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बूट म्हणजे कापड अधिक रबर. कुशन नावाला. 1960 मध्ये रोमच्या रस्त्यांवर अबेबे बिकिला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून जिंकला. या दोन शर्यतींवरून दोन्ही पक्षांचे लोक आजतागायत भांडतात. माझ्या मते त्यावरून एवढंच सिद्ध होतं की तो बिकिला होता.

पुढचे दोन बूट सत्तरच्या दशकातले. अमेरिकेत तेव्हा साधी माणसं रस्त्यावर धावू लागली होती. ऑरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून तळ काढला, ही नाइकेची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याहून मोठी घटना, जिची कथा कुणी सांगत नाही, ती 1975 च्या सुमाराची. ब्रुक्स कंपनीनं ईव्हीए नावाचा हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला फोम बुटात घातला. हलका, स्वस्त, मऊ. पुढची चाळीस वर्षं जगातले बहुतेक धावपटू याच फोमवर धावले. हवेची पिशवी, जेलचे तुकडे हे सगळे त्यात घातलेले दागिने.

मग आला शिस्तीचा काळ. पाय टेकल्यावर घोटा आत कलतो, ही खरं तर शरीराची स्वाभाविक हालचाल. तो कल म्हणजे दोष ठरला आणि तो आवरण्यासाठी बुटाच्या आतल्या बाजूला कडक फोमची पाचर आली. ओला पाय वर्तमानपत्रावर उमटवायचा, कमान दिसली तर एक बूट, सपाट दिसला तर दुसरा. मीही या पंथाचा भक्त होतो. एका दुकानात मला अर्धा मिनिट ट्रेडमिलवर पळवून, पडद्यावर माझा घोटा दाखवून, गंभीर चेहऱ्यानं सर्वांत महाग जोड काढून दिला होता. सहा महिने माझी नडगी ठणकत राहिली आणि मी पायालाच दोष देत राहिलो. पुढे अमेरिकी लष्करानं हजारो नवशिक्या सैनिकांवर हे तपासलं. तळव्याच्या आकारावरून बूट वाटलेल्यांत आणि सरसकट एकच बूट दिलेल्यांत दुखापतींचा फरक पडला नाही. वर्तमानपत्राचा तो प्रयोग मात्र अजून चालूच आहे. करायला मजा येते, हे त्याचं एक कारण असावं.

2009 मध्ये लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. मेक्सिकोतल्या रारामुरी आदिवासींच्या धावण्यावरचं ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ आलं. पुढच्या वर्षी हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सवयीनं अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर टेकतात आणि टाचेचा तो पहिला ठोसा त्यांना बसतच नाही. पाच बोटांचे मोज्यासारखे बूट खपू लागले. 2014 मध्ये त्या बुटांच्या कंपनीनं, आरोग्याचे दावे सिद्ध न झाल्याच्या खटल्यात, ग्राहकांना पैसे परत द्यायला साडेसदतीस लाख डॉलरचा निधी मान्य केला आणि लाट ओसरली.

आपल्याकडे ही लाट आली ती जरा विचित्र वाटेनं. अनवाणी धावणं म्हणजे आपल्याला पुस्तकातून शिकायची गोष्ट नव्हती. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावली आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक घेऊन आली. बारामतीत लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. त्यांच्या अनवाणी पायांमागे तत्त्वज्ञान नव्हतं, परिस्थिती होती. चाळीस वर्षं बुटात वाढलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस त्यातून प्रेरणा घेऊन दोन आठवड्यांत पातळ बुटावर उतरतो, तेव्हा त्याची पोटरी आणि चवड्याची हाडं आधी निषेध नोंदवतात. लेखिकेचं त्या काळावरचं लिखाण तिखट आहे. ती स्वतः त्यात पोळली आहे, त्यामुळे चालून जातं.

फळीवरचा सातवा बूट बघून मात्र मी थबकलो. बोटीसारखा वाकडा तळ, प्रचंड जाड. हा होका. 2009 मध्येच, म्हणजे जग पातळ बुटांच्या प्रेमात पडत होतं त्याच वर्षी, फ्रान्समधल्या अ‍ॅनसी गावात निकोला मेरमू आणि जाँ-ल्यूक दियार यांनी तो काढला. दोघेही डोंगरांत वावरणारे. त्यांना आघात कमी करायचा होता तो आल्प्समधल्या लांबलचक उतारांवरचा. पहिल्या मॉडेलचं नाव ‘माफात’, रेयुनियों बेटावरच्या एका दुर्गम डोंगरकुंडाचं. आज मुंबईत मरीन ड्राइव्हवर जो गुबगुबीत बूट दिसतो, तो डोंगराच्या उतारावर जन्मला. रस्त्यावर तो नंतर उतरला.

हे ध्यानात आलं की निवडीचा प्रश्नच वेगळा दिसायला लागतो. रस्त्यावरचा त्रास एकसुरीपणाचा असतो. तेच पाऊल, तोच कोन, तेच सिमेंट, दहा हजार वेळा. तिथे कुशन म्हणजे त्या पुनरावृत्तीवरचा उतारा. डोंगरात पाऊल दर वेळी वेगळं पडतं, पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात जात ब्रेक लावतो. तोरण्यावरून उतरून दुसऱ्या दिवशी जिना उतरलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे कुशनचं काम त्या ब्रेकला हात देण्याचं, आणि टोकदार दगड तळव्याला न टोचू देण्याचं. दोन्ही ठिकाणी शब्द ‘कुशन’च. कामं दोन.

आणि डोंगरात त्याची किंमतही मोजावी लागते. जाड फोम म्हणजे घोटा जमिनीपासून उंच. पाय तिरका पडला तर मुरगळायला तेवढाच जास्त वाव. शिवाय तळव्याला जमीन कळेनाशी होते. होकानं म्हणूनच तळ रुंद ठेवला आणि पाय फोमच्या वर न ठेवता परातीत ठेवल्यासारखा आत बसवला. रस्त्याच्या मऊ बुटात हे नेहमीच असेल असं नाही. "हा सगळीकडे चालतो" या विक्रेत्याच्या शब्दावर मी तसा एक जोड घालून ऑक्टोबरात कल्याण दरवाज्याच्या बाजूनं सिंहगड उतरत होतो. कातळाच्या उतरत्या पायरीवर बूट हलला नाही, फोम हलला, त्याच्याबरोबर मी. तीन आठवडे घोट्याला क्रेप बँडेज. विक्रेत्याचं काय चुकलं? त्याला विचारलं होतं बुटाबद्दल, वाटेबद्दल नव्हे.

सह्याद्रीसाठी बूट निवडण्यावर मराठीत इतकं नेटकं लिहिलेलं मी आजवर वाचलेलं नव्हतं. परदेशी लेखांत ट्रेल म्हणजे पाइनच्या झाडांखालची मऊ मातीची वाट. आपली वाट जूनमध्ये लाल चिखल, जुलैत शेवाळलेला कातळ, नोव्हेंबरात वाळलेल्या गवताखाली लपलेला घसारा, आणि एप्रिलमध्ये तापलेला मुरूम. कोकणात उतरलात की जांभ्याचा सडा, जो तळाचं रबर कानशीसारखा खातो. तळाचे दात, म्हणजे लग, चिखलासाठी सहा-सात मिलिमीटर लांब हवेत. तेच दात ओल्या कातळावर टोकांवर उभे राहतात आणि घसरतात. तिथे रबर किती चिकट, यावर सगळं अवलंबून. आमच्या पिढीनं हे हंटर आणि अ‍ॅक्शनच्या बुटांवर शिकून घेतलं होतं. कुशन शून्य, पण रबर मऊ आणि कातळाला धरणारं, किंमत काही शे रुपये. अजूनही पावसाळ्यात कड्यावर जायचं असेल तर जुने भिडू तेच काढतात, आणि महागड्या ट्रेल बूटवाल्याला हात देऊन वर घेतात. मात्र सिंहगड-राजगड-तोरणा अशी 53 किलोमीटरची शर्यत त्या बुटात धावायची म्हटलं तर पंचविसाव्या किलोमीटरला तळवे बोलायला लागतील. पकड आणि मऊपणा एकाच बुटात हवेत, ही मागणी खरी तिथून सुरू होते.

जाता जाता, पावसाळ्यासाठी ‘वॉटरप्रूफ’ बूट घेऊ नका. आपला पाऊस बुटात वरून शिरतो, आणि मग ते पाणी बाहेर काढायला तो बूट तयार नसतो.

फळीच्या उजव्या टोकाला नवा जमाना. 2013 मध्ये आदिदासनं बूस्ट आणला, थर्माकोलच्या दाण्यांसारखे दाणे एकमेकांना चिकटवलेला फोम. 2017 मध्ये नाइकेनं व्हेपरफ्लाय काढला. पेबॅक्स जातीचा फोम आणि त्यात कार्बनची वक्र पट्टी. कोलोराडो विद्यापीठातल्या मोजणीत जुन्या ईव्हीएनं दाबताना घेतलेल्या ऊर्जेपैकी सुमारे 66 टक्के परत दिली, बूस्टनं 76, या नव्या फोमनं 87. धावण्याचा ऊर्जाखर्च सरासरी 4 टक्क्यांनी घटला. इतकी वर्षं कुशन म्हणजे धक्का गिळणारी गादी होती, आता ती धक्का परत देणारी स्प्रिंग झाली. 2020 मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या बुटाची जाडी 40 मिलिमीटरवर रोखावी लागली. 2023 मध्ये बर्लिन मॅरेथॉनमध्ये टिगिस्ट असेफानं 2:11:53 चा महिलांचा जागतिक विक्रम केला, तेव्हा तिच्या पायातला बूट 138 ग्रॅमचा होता. साडेपाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्या माझ्यासारख्यानं असा बूट घ्यावा का, यावर एक अख्खं प्रकरण आहे. उत्तर इथे फोडत नाही. माझी थोडी निराशा झाली, एवढं सांगतो.

पंथ इतके, तर मग काय करायचं? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्य या विषयात घालवलं आणि 2015 मध्ये जवळपास आजीबाईसारखा सल्ला दिला. पायाला जो बूट सुखाचा वाटतो तो घ्या, शरीराला आपली चाल कळते. 2022 च्या कोक्रेन आढाव्यात बारा चाचण्या आणि अकरा हजारांवर माणसं होती. पायाचा प्रकार बघून बूट सुचवल्यानं दुखापती टळतात, याला त्यातही बळ मिळालं नाही. लेखिका निग यांच्या बाजूची आहे, पण आंधळेपणानं नाही. दुकानातलं सुख पाच मिनिटांचं असतं आणि फार मऊ बूट त्या पाच मिनिटांत नेहमी जिंकतो, हा तिचा आक्षेप मला पटतो. म्हणून ती सांगते, बूट संध्याकाळी घ्या, पाय सुजलेले असताना. स्वतःचे मोजे न्या. एका पायावर उभं राहून डोळे मिटा. बूट डुगडुगला तर तो डोंगरासाठी नाही.

आणि रुंदी बघा. हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे, आणि फार दुर्लक्षित. 1992 मध्ये मणिपालच्या डॉक्टरांनी 2,300 मुलांचे पाय तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळव्याचं प्रमाण 8.6 टक्के, अनवाणी राहणाऱ्यांत 2.8. दक्षिण भारतात अनवाणी वावरणाऱ्यांवरच्या 2009 च्या एका अभ्यासात त्यांचे चवडे ऐसपैस रुंद आढळले. गावात अनवाणी वाढलेला पाय शहरात येऊन परदेशी साच्याच्या बुटात शिरतो, बोटं चेंगरतात, उतारावर नखं काळी पडतात, आणि माणूस एक नंबर मोठा बूट घेतो. मग टाच सुटते. लांबी आणि रुंदी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आपल्या दुकानांत अजून रुळलेलं नाही.

हे पुस्तक आत्ताच का? 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा पहाटे पळणारा माणूस बघून कुत्री भुंकत. आज साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात हजारो लोक अर्धमॅरेथॉन धावतात, तालुक्याच्या गावी रनर्स ग्रुप आहेत, आणि त्यांतले बरेच जण चाळिशीनंतर, साखर किंवा रक्तदाबाचा रिपोर्ट हातात पडल्यावर पहिल्यांदा धावायला लागलेले. गावोगावचे डांबरी रस्ते सिमेंटचे झाले. दहा-बारा हजारांचा बूट मोबाइलवर, पाय न घालता मागवला जातो. अशा माणसाच्या हाती आपल्या भाषेत काही असावं, ही गरज खरी आहे.

या पुस्तकात ‘सर्वोत्तम दहा बूट’ अशी यादी नाही. तशी यादी वर्षभरात शिळी होते. कंपन्या तेच नाव ठेवून आतला फोम बदलतात. लेखिकेनं त्याऐवजी प्रश्न विचारायला शिकवलं आहे, आणि ते प्रश्न जमिनीपासून वर जातात. वाट कोणती, उतार किती, पाऊस आहे का, किती तास, पाय कुठे वाढला, आणि मग बूट. फोम कसा बसतो, कंपन्या सांगतात त्या 500 ते 800 किलोमीटरांत आपला बूट कुठे मोडतो, दोन जोड आलटून पालटून वापरावेत का, याचं विवेचन तपशिलात आहे. लक्झेंबर्गच्याच 264 धावपटूंच्या पाहणीत आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका 39 टक्के कमी दिसला होता. तो फरक बुटांचा की सावध स्वभावाचा, हा प्रश्न तिनं उघडा ठेवला आहे. कोपऱ्यावरच्या चांभारकाकांशी झालेल्या गप्पांचं एक छोटं प्रकरण आहे, ते कृपा करून गाळू नका. झिजलेल्या तळावरून माणूस कसा चालतो हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा ट्रेडमिल अजून निघायचा आहे.

माझी तक्रार एकच. स्त्रियांच्या पायांवर, गरोदरपणात आणि नंतर पायांचं माप बदलतं त्यावर, आणखी पानं हवी होती. बूट बहुतांशी पुरुषी साच्यावरून लहान केलेले असतात हे ती सांगते आणि पुढे जाते. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी हे तिच्या कानावर घातलं आहे.

प्रस्तावना लिहून दिल्यावर तिनं मानधन विचारलं नाही, बूट मागितला. "काका, तो सिंहगडवाला जोड आहे का अजून? एकच द्या, चिरायला." उजवा दिला, त्यानंच दगा दिला होता. डावा अजून आमच्या दाराशी, चपलांच्या स्टँडवर खालच्या कप्प्यात आहे, आणि घरात रोज विचारणा होते की याचं आता करायचं काय.